दिवा लावला की आकडा उतरतो

अण्णा,

शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर कारखान्यात तुमची शोकसभा झाली. असेंब्लीच्या टेबलावरचं सामान बाजूला सारून तिथं तुमचा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच फोटो, मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा जरा पसरट दिसत होता. मालक बोलले. म्हणाले, "नागेश अण्णा म्हणजे या कंपनीचा पाया. क्वालिटीच्या बाबतीत त्यांनी कधी तडजोड केली नाही." हे त्यांनी आधी इंग्रजीत सांगितलं आणि मग लाइनवरच्या बायकांना कळावं म्हणून कन्नडमध्ये. दोन्ही वेळा त्यांचा आवाज जड झाला. मी मागं उभी होते. माझं नाव पुकारल्यावर पुढं गेले, "अण्णांनी मला काम शिकवलं," एवढंच बोलले आणि परत जागेवर आले. सगळ्यांना वाटलं, सुजाता मॅडमना रडू आवरत नाही. रडू येतच नव्हतं. मला राग आला होता. मालकांचा, माझा, आणि खरं सांगायचं तर तुमचाही.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. गेल्या दोन वर्षांत आपण एकदाच धड बोललो, आणि त्याही वेळी मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही. आता म्हणते. तुम्ही मध्येच "मुद्द्यावर ये की गे" म्हणणार नाही, तेवढीच सोय.

मी निपाणीची, तुम्ही खानापूरकडचे. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या छताखाली माझी मुलाखत तुम्ही कन्नडमध्ये सुरू केलीत, मग अर्जावर गावाचं नाव वाचलंत आणि एकदम मराठीत म्हणालात, "निपाणीची म्हणजे आपल्यातलीच की." बेंगळुरूला येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. एचएसआर लेआउटमधल्या एका स्टार्टअपमध्ये मी नुसती स्क्रीनकडे बघून नोकरी केली होती. कामाच्या जागी मराठी कानावर पडलं ते पहिल्यांदाच. त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, इथं एक अण्णा आहेत.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एक बोर्ड दिलात, तापमान चुकीचं दाखवणारा. प्रोबच्या, म्हणजे तापमान टिपणाऱ्या टोकाच्या, तारेवर जे व्होल्टेज येतं ते चिपच्या आतला एक भाग मोजतो आणि त्याचा आकडा करतो. त्याला आपण एडीसी म्हणतो. शून्य ते चार हजार पंच्याण्णव यांतला एक आकडा, आणि त्या आकड्यावरून तापमान. मी दोन दिवस कोड वाचत बसले. तिसऱ्या दिवशी तुम्ही मागं येऊन उभे राहिलात.

"मीटर लावलास काय?"

"नाही, आधी कोड तपासते."

"कोड कुठं पळून जात नाही. आधी मोज."

मोजलं. चिप ज्या व्होल्टेजशी तुलना करून आकडा काढते, ते व्होल्टेजच खाली बसलं होतं. "वजनच हलकं असलं तर तराजूला शिव्या देऊन काय उपयोग," एवढं बोलून तुम्ही चहाला गेलात. कॉलेजच्या चार वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते त्या दुपारी कळलं. ते उपकार मी नाकारत नाही. पुढची चार वर्षं तुम्ही मला असंच शिकवलंत, कधी चिडून, कधी डब्यातली ज्वारीची भाकरी माझ्यापुढं सरकवत. तुमचा तो स्टीलचा थर्मास मला अजून दिसतो. त्यात कोमट पाणी, आणि जुन्या सरकारी नोकरीतून बरोबर आणलेला काचेचा थर्मामीटर रबरबँडनं आपल्या प्रोबला बांधलेला. म्हणायचात, "मशीन खरं बोलतंय का हे मशीनलाच विचारू नको."

मग ते बाळांचं यंत्र आलं. कमी वजनाच्या नवजात बाळांना ऊब देणारं. खाली पाळण्यासारखी उघडी गादी, वर हीटर, बाळाच्या पोटावर चिकटवलेला प्रोब. बाळ साडेछत्तीस अंशांवर राहिलं पाहिजे. प्रोब सांगेल तसं चिपनं हीटर कमी-जास्त करायचा. त्याच खांबावर एक दिवा, डॉक्टरांना बाळ नीट दिसावं म्हणून, आणि दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला एक बटण. यंत्रं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत जाणार होती. तुम्ही म्हणाला होतात, या कारखान्यात मी आजवर फक्त मोटारींचे मीटर केले, हे जरा माणसाचं काम आहे.

पहिली यंत्रं जोडून झाली आणि आकडे नाचायला लागले. छत्तीस पॉइंट दोन, छत्तीस पॉइंट आठ, पुन्हा छत्तीस पॉइंट तीन. पाणी तेच, थर्मास तोच. मी तीन प्रोब बदलले. चिप बदलली. दोन मोजण्यांच्या मध्ये थांबा घातला, तारेवर कपॅसिटर लावून बघितला. चार दिवस गेले. तुम्ही त्या आठवड्यात बोम्मसंद्र्याला, पत्र्याचं काम करून देणाऱ्याकडं होतात. परत आलात, दहा मिनिटं नुसते आकडे बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "दिवा बंद कर."

नाच थांबला. दिवा मंद लावला, सुरू झाला. दिवा पूर्ण लावला तर नाच नव्हता, पण आकडा सरळ अर्ध्या अंशाहून जास्त खाली जाऊन बसला. थर्मासमधला काचेचा थर्मामीटर जागचा हलला नव्हता.

"दिवा लावला की आकडा उतरतो," तुम्ही स्वतःशीच म्हणालात. मग मीटरची एक पिन बोर्डाच्या ग्राउंडवर, म्हणजे प्रवाह जिथून परत जातो तिथं, ठेवलीत आणि दुसरी प्रोबच्या ग्राउंडवर. दोन्हीकडं शून्य असायला हवं होतं, म्हणजे दोहोंत फरक नको होता. तीसेक मिलिव्होल्ट आले. तुम्ही दिव्याचं बटण फिरवत तो फरक वर-खाली होताना बघितलात आणि स्टुलावर बसलात.

"ही माझी चूक," तुम्ही म्हणालात.

बोर्डाची आखणी तुमची होती. दिव्याचा प्रवाह आणि प्रोबचा प्रवाह परत जाताना तांब्याच्या एकाच पट्टीतून आणि कनेक्टरच्या एकाच पिनेतून जात होते. दिव्याचा प्रवाह मोठा, त्यानं त्या पट्टीचं व्होल्टेज शून्याच्या किंचित वर जायचं आणि चिपला वाटायचं की प्रोब थंड झाला. मंद दिवा म्हणजे तोच दिवा झपाझप चालू-बंद होणारा. कधी तो चालू असताना मोजणी व्हायची, कधी बंद असताना. म्हणून नाच. बाळ थंड आहे असं वाटलं की यंत्र हीटर वाढवणार, हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत. मला कळलं होतं.

साठाव्या वर्षी, माझ्यासारख्या चौतीस वर्षांच्या पोरीसमोर, लाइनवरच्या बायका ऐकत असताना "ही माझी चूक" म्हणणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. त्यानंतरही नाही.

यंत्रं पाठवायला तीन आठवडे होते. नवीन बोर्ड करून घ्यायला सहा तरी लागले असते. मी घरी गेले आणि मला वाटलं, हे कोडमध्ये सुटेल. चौसष्ट वेळा मोजून सरासरी घेतली की नाच जाईल. आणि दिवा किती लावलाय हे चिपला माहीत असतंच, तर त्या मानानं आकडा जेवढा सरकतो तेवढा वजा करायचा. एका दिवसात झालं. पाच यंत्रांवर तपासलं, पाचही थर्मामीटरशी दशांशाच्या आत जुळली. परीक्षेत पहिली आलेली मुलगी बापाला निकाल दाखवते तशी मी तुम्हाला दाखवायला आले.

"सरासरीनं नाच जातो," तुम्ही म्हणालात. "चूक जात नाही."

"चूक वजा केलीय की अण्णा."

"आजची केलीस. उद्याची?" मग तुम्ही कनेक्टर काढून माझ्या हातात ठेवलात. "ही पिन सैल होणार. काळी पडणार. दवाखान्यात रोज फिनेल मारतात. पिनेचा रोध दुप्पट झाला की चूक दुप्पट, आणि तू वजा करणार जुनंच. पोरी, हे पाच बोर्ड नवीन आहेत म्हणून तुझं ऐकतायत."

"तोवर नवे बोर्ड येतील. आपण जागेवर जाऊन बदलू."

"कोण जाणार? तू?"

मला ते लागलं. मी म्हटलं, "चूक तुमची आहे म्हणून तुम्हाला माझा उपाय बघवत नाही." आठवतंय ना? मला रोज आठवतं. तुम्ही कनेक्टर परत बसवलात.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये आपण तिघं. मालकांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टेस्ट पास होते की नाही?" तुम्ही म्हणालात, "पास होते. म्हणूनच भीती वाटते." मालक माझ्याकडं वळले. "सुजाता, तुम्ही सांगा." मी म्हटलं, "टेस्ट पास आहे, सर." तपासणीच्या कागदावर डिझाइनवाल्याची सही लागायची. मालकांनी कागद तुमच्याकडं सरकवला. तुम्ही पेनाला टोपण लावलंत, पेन खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "नन्न कैयल्ली आगल्ला." माझ्यानं होणार नाही. मालकांनी कागद माझ्याकडं सरकवला. मी सही केली.

त्याच दिवशी तुम्ही एक पान लिहिलंत, हातानं, एक मालकांना आणि एक झेरॉक्स माझ्या टेबलावर. "कनेक्टर जुना झाल्यावर त्रुटी वाढेल. सॉफ्टवेअरमधील वजाबाकी पुरणार नाही. बाळ प्रत्यक्षात अधिक गरम असताना यंत्र ते साडेछत्तीसवर आहे असे दाखवेल. प्रोबची ग्राउंड वेगळी काढल्याशिवाय यंत्रे पाठवू नयेत." खाली सही. आठवड्याभरात तुम्ही राजीनामा दिलात आणि पुढच्या महिन्यात माझ्या कार्डावर 'हेड' आलं.

आता माझा राग ऐका. तुम्ही सही केली नाहीत आणि घरी गेलात. तुमचे हात स्वच्छ राहिले. यंत्रं तर गेलीच. एक पान मालकांच्या खणात ठेवून तुमचं काम संपलं? ज्या दवाखान्यांत ती जाणार होती त्यांची नावं तुम्हाला माहीत होती. एक फोन, एक पत्र? तुम्ही म्हणाला असतात, मी नोकर माणूस, कंपनीबाहेर कसं बोलणार. मग मी कोण होते? तुम्ही मला सगळं शिकवलंत, मालकासमोर बसून नाही कसं म्हणायचं तेवढं शिकवलं नाहीत. ते तुम्ही स्वतः करून दाखवलंत आणि मला तिथं त्या खुर्चीवर एकटीला सोडून उठून गेलात. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. तुमच्याकडं कदाचित चांगलं उत्तर असतं. आता मला ते कधीच कळणार नाही.

चौदा महिन्यांनी फोन आला. सीमेकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यातून. यंत्र चुकीचं दाखवतंय. मी स्वतः गेले. तुमच्या 'कोण जाणार' ला उत्तर द्यायचं होतं बहुतेक. सकाळच्या गाडीनं हुबळी, तिथून बस.

बाळांच्या खोलीत सुमित्रा सिस्टर होत्या, आपल्यासारख्याच मराठी-कन्नड मिसळून बोलणाऱ्या. त्यांनी न चिडता सांगितलं. दोन दिवसांची मुलगी, वजन कमी. यंत्रावर साडेछत्तीस. त्या दुपट्याची घडी सारखी करायला गेल्या आणि हात पोटाला लागला.

"हाताला भाजत होतं, बाई. ओठ सुकलेले. काखेत थर्मामीटर लावला तर एकोणचाळीसच्या वर. मशीन मात्र शांत. ओरडलं पण नाही."

"मग?"

"मग काय, मशीन बंद केलं, पोरीला आईच्या छातीशी दिलं. जगली. मी हात लावला म्हणून कळलं."

मी विचारलं, दिवा का लावून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परगावची आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. "खोलीला खिडकी नाही की. दिवा कायमच असतोय."

आपण पीण्यात दिवा पाच-दहा मिनिटं लावून तपासला होता. माझ्याबरोबर थर्मास होता आणि काचेचा थर्मामीटर, तुमचा नव्हे, विकत घेतलेला. प्रोब पाण्यात सोडला, दिवा पूर्ण लावला. अडीच अंशांचा फरक. झाकण उघडून कनेक्टर ओढला, तर ती पिन तपकिरी-काळी झाली होती. तुमच्या पानावरची ओळ जशीच्या तशी माझ्या बोटांत होती.

सामान आवरताना सुमित्रा सिस्टर म्हणाल्या, "याच्या आधी पण दोन बाळांना ताप आला होता. आम्हाला वाटलं इन्फेक्शन असंल. एक बरं होऊन घरी गेलं."

"आणि दुसरं?"

"जिल्ह्याला पाठवलं."

"पुढं काय झालं?"

"कळलं नाही, बाई."

मी जिल्ह्याच्या दवाखान्यात फोन केले, चार वेळा. बाळाला नाव नव्हतं, फक्त आईचं नाव आणि तारीख. कुणालाच सांगता आलं नाही. ते बाळ आपल्या यंत्रामुळं आजारी पडलं की खरंच इन्फेक्शन होतं, ते जगलं की नाही, हे मला ठाऊक नाही. सही करताना पेन कसं हलकं वाटलं होतं ते मात्र ठाऊक आहे.

सगळी यंत्रं परत मागवली, प्रत्येकात प्रोबला वेगळी तार टाकली. ते काम मी नीट केलं, एकेक यंत्र स्वतः तपासून. मग अहवाल लिहायचा होता. मालक शेजारी बसले. "मूळ कारण: बोर्डाच्या आखणीतील त्रुटी. आखणी करणारे अभियंता आता कंपनीत नाहीत. त्रुटी दुरुस्त केली आहे." माझ्या वजाबाकीवर अर्धं वाक्य: "सॉफ्टवेअरमध्ये अंशतः भरपाई केली होती." तुमचं पान जोडायचं नाही, असं ठरलं. मी म्हटलं, "सर, अण्णांनी आधी सांगितलं होतं."

मालक म्हणाले, "यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का?"

नव्हतं. तेच तर. प्रत्येक वाक्य खरं होतं. चूक तुमची होती, तुम्हीच ती शोधलीत, तुम्हीच दुरुस्त करू द्या म्हणालात, आम्ही करू दिली नाही आणि मग ती तुमच्या नावावर लावली. मी दुसऱ्यांदा सही केली.

तो अहवाल फिरला. बोम्मसंद्र्याच्या ज्या छोट्या कंपनीत तुम्ही सल्ल्याला जायचात, तेही दवाखान्यांसाठी यंत्रं करायचे. त्यांनी तुम्हाला बोलावणं बंद केलं. कारण सांगितलं नाही म्हणे. हे मला स्टोअरमधल्या मंजुनाथनं सांगितलं, तेव्हा कुठं मी तुमच्या घरी आले. विद्यारण्यपुऱ्यात, रविवारी सकाळी. तुम्ही जेवणाच्या टेबलावर कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होतात. तुमच्या मिसेसनी, शैलाअक्कांनी, माझ्यापुढं फोडणीचे पोहे ठेवले आणि त्या आत निघून गेल्या. मी अहवालाबद्दल बोलायला लागले.

"त्यात काय लिहिलंस ते मला वाचायचं नाही," तुम्ही म्हणालात. "प्रोबची ग्राउंड वेगळी काढलीस?"

"हो."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"मग सरी. ठीक आहे."

पोहे निवले. मग मी विचारलं, "अण्णा, तुम्ही रागावलाय का माझ्यावर?"

तुम्ही स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलात आणि माझ्याकडं सरळ बघितलंत. "हो. रागावलोय. आणि राहणार."

लोक अशा वेळी खोटं बोलतात. नाही गे, झालं गेलं, म्हणतात. तुम्ही तेवढीही सवलत दिली नाहीत. मी उठले, तुम्ही मिक्सरकडं वळलात. ती आपली शेवटची भेट. तेव्हा मला वाटलं होतं, काय ताठा आहे या माणसाचा. आता वाटतं, तुम्ही मला निदान लहान मूल समजला नाहीत.

तुम्ही गेल्याचं मला फोनवरच्या ग्रुपमध्ये कळलं. सकाळी दूध आणायला गेलात आणि दुकानाच्या पायरीवर बसलात ते उठलाच नाहीत. मी स्मशानाच्या फाटकापर्यंत आले होते. आत माणसं फार नव्हती. मालकांनी हार पाठवला होता, कंपनीच्या नावाची पट्टी लावलेला. मी आत आले नाही. काय म्हणून येणार होते?

शनिवारी ती सभा संपल्यावर मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, अहवाल दुरुस्त करायचाय. अण्णांचं पान जोडायचंय, वजाबाकी कुणाची होती ते लिहायचंय. मालकांचे डोळे अजून लाल होते, आणि ते खोटं नव्हतं, हे मला मान्य करायला हवं. त्यांना तुमच्याबद्दल वाईट वाटतच होतं.

"आता त्याचा उपयोग कुणाला?" ते म्हणाले. "तो माणूस गेला. यंत्रं दुरुस्त झाली. आणि दोन्ही कागदांवर सही तुमची आहे, सुजाता. अडकणार तुम्हीच."

"हो," मी म्हटलं.

"मग कशासाठी?"

सोमवारी, तुमच्या तेराव्या दिवशी, मी पत्र लिहिलं. त्या दवाखान्याला, बोम्मसंद्र्याच्या कंपनीला आणि अशा यंत्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाला. तुमच्या पानाची प्रत जोडली. आखणीतली चूक अण्णांची होती आणि ती त्यांनीच शोधली. यंत्रं पाठवू नका असं त्यांनी लिहून दिलं होतं. ती चूक झाकणारा कोड माझा. तपासणीची सही माझी. अहवालात हे लपवलं, तेही मीच. आधी दोन बाळांना ताप आला होता आणि त्यांतल्या एकाचं पुढं काय झालं ते शोधलं पाहिजे, हेही लिहिलं. पत्रं रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. मंगळवारी मालकांनी माझा राजीनामा मागितला, मी दिला. अजून कुठूनही उत्तर नाही. येईल, किंवा येणार नाही. बोम्मसंद्र्याहून आलं तरी तुम्हाला कामावर बोलावणारं नसणार.

हे मी अहवाल लिहिताना केलं असतं तर तुमच्या उपयोगी पडलं असतं. आता पडलं तर माझ्याच. हे मला दिसतं, अण्णा. तुम्ही सांगायची गरज नाही.

बुधवारी मी तुमच्या घरी गेले. शैलाअक्का एकट्याच होत्या, तुमचा मुलगा त्याच सकाळी पुण्याला परत गेला होता. मी पत्राची प्रत काढली. इंग्रजीत होतं म्हणून मराठीत सांगत वाचलं, एकेक वाक्य. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "त्यांनी परत कधी तुझं नाव काढलं नाही गे. मी काढलं तर उठून गॅलरीत जायचे."

अक्कांनी माझ्या हातातल्या कागदाकडं बघितलं.

"ते असताना एवढं लिहिली असतीस तर?"

मी म्हटलं, "तेव्हा धीर झाला नाही, अक्का."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग अक्कांनी हात पुढं केला, माझ्याकडून कागद घेतला, त्याची घडी घातली आणि तो मांडीखाली ठेवला.

"चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "आता जा."

मी चपला घातल्या. माझ्यामागं अक्कांनी दार लावून घेतलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला. तुमच्या घराचं दार दिवसा बंद मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.